ब्रेननांचं मूळ गाव

मुलगा चांगला होता, मुलगी खूश होती, दोन्हीकडची माणसं राजी होती, आणि वर्ष होत आलं तरी लग्नाची तारीख ठरत नव्हती. कारण काय, तर मुलाचं मूळ गाव सापडत नव्हतं. हे कुणाला सांगितलं तर लोक तोंडावर हसतील म्हणून नंदा वालावलकर ते कुणालाच सांगत नसे. हेगजवळच्या रायस्वाइकच्या मराठी बायका विचारायच्या, "काय गं, ज्ञानदाचं कुठवर आलं?" आणि ती म्हणायची, "चाललंय." चाललं काहीच नव्हतं. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आयर्लंडचा नकाशा लागला होता आणि त्यावरच्या रंगीत टाचण्या वाढत होत्या, एवढीच काय ती प्रगती.

टाचण्या टोचणारा होता तिचा नवरा, जयप्रकाश. माणूस कॉम्प्युटरमधला, हुशार, निर्व्यसनी. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघायची नाही. वालावलकरांच्या घरात पद्धत अशी की, लग्नाची पहिली पत्रिका, अक्षता लावून, दोन्ही घरांच्या देवांपुढे हाताने नेऊन ठेवायची. मग बाकीच्या जगाला आमंत्रणं. मुलीकडच्या देवाचा प्रश्नच नव्हता. कुडाळजवळचं वालावल, तिथला लक्ष्मीनारायण, चुलतभाऊ नेऊन ठेवणार होता. घोडं अडलं होतं ते मुलाकडच्या देवापाशी. मुलाचं नाव कीरन ब्रेनन.

आता ज्याच्या आडनावातच गाव आहे, त्याला आडनाव म्हणजे पत्ता वाटतो. वालावलकर म्हटलं की वालावल, विषय संपला. जगातलं प्रत्येक आडनाव धरून मागे मागे चालत गेलं की आपण कुठल्यातरी एका गावात, एका देवळासमोर जाऊन उभे राहतो, अशी जयप्रकाशची लहानपणापासूनची खात्री. नंदा माहेरची कुलकर्णी. तिने एकदा विचारलंही, "माझ्या आडनावावरून सापडलं असतं का हो तुम्हाला माझं गाव? गावागणिक कुलकर्णी आहेत, एकमेकांचे कोणी लागत नाहीत."

"ते हुद्द्याचं नाव," जयप्रकाश म्हणाला. "ते वेगळं."

वेगळं म्हणे. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नंदा एका पाळणाघरात काम करायची. दिवसभर दोन-तीन वर्षांच्या डच पोरांची समजूत घालून घरी यायची, आणि घरी आल्यावर ही समजूत. तिकडची पोरं निदान दुपारी झोपायची तरी.

खरं तर ठिणगी पहिल्याच जेवणाला पडली होती. कीरन टिलबर्गला एका मालवाहतुकीच्या कंपनीत होता, ज्ञानदाची आणि त्याची ओळख मास्ट्रिख्टला शिकतानाची. उंच, लाजरा मुलगा. आमटी-भात हाताने कालवून जेवला, आमटी पुन्हा मागून घेतली, नंदाला तेवढं पुरे होतं. जयप्रकाशला नव्हतं.

"सो कीरन, व्हेअर आर यू फ्रॉम?"

"कॉव्हेंट्री," कीरन म्हणाला. इंग्लंडमधलं मोटारींच्या कारखान्यांचं शहर.

"नो, नो. तिथे तू राहिलास. व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?"

ज्ञानदाने हातातला घास ताटात ठेवला. शाळेत जायला लागायच्या आधीपासून ती या देशात वाढलेली, डच तिचं नंदाच्या मराठीइतकंच साफ. तरी दुकानातल्या बाईपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत जो तो तिला हेच विचारायचा. रायस्वाइक सांगितलं की मान वाकडी करून, हसून पुन्हा विचारायचा, पण खरी कुठली? दहा वर्षांची असताना एकदा ती त्यावरून सायकल दारात आपटून रडली होती.

"बाबा, हा प्रश्न मला इथे सगळे विचारतात," ती म्हणाली. "आणि तू तो माझ्या घरात, माझ्या माणसाला विचारतोस? आर यू सीरिअस?"

"अगं, मी चांगल्या अर्थाने विचारतोय."

"ते पण चांगल्या अर्थानेच विचारतात."

कीरन बिचारा मध्ये पडला. म्हणाला, इट्स फाइन, आजोबा आयर्लंडचे होते, पण कुठले ते माहीत नाही. वडील मार्टिन लहान असतानाच आजोबा वारले, आजी इंग्लिश, तिने पुढे कधी विषय काढला नाही. मार्टिनने आयुष्यभर कॉव्हेंट्रीत बस चालवली. आयर्लंडला तो एकदाच गेला होता, मित्रांबरोबर, आणि पाऊस होता म्हणून परत आला. हे ऐकून जयप्रकाशचा चेहरा असा झाला की जणू मुलगा सांगतोय आमच्याकडे छप्पर नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशा आला.

सुरुवातीला नंदाने हौस म्हणून सोडून दिलं. पण हे प्रकरण हौशीचं राहिलं नाही. जयप्रकाशला वाटलं होतं, ब्रेनन म्हणजे एक घराणं, एक गाव, आठवड्याचं काम. निघाले किती तरी. किलकेनीच्या डोंगरातले ब्रेनन वेगळे. त्यांचं तिथे राज्यच होतं म्हणे, मग इंग्रजांनी जमिनी काढून घेतल्या, तिथे कोळसा निघाला, आणि जे मालक होते त्यांचेच वंशज त्याच जमिनीखाली कोळसा खणायला उतरले. तिथून पुढे पेनसिल्व्हेनियाच्या खाणीत. रॉसकॉमनचे ब्रेनन त्यांचे कोणी नव्हेत, त्यांचं मूळ नावच निराळं होतं, इंग्रजीत येताना सगळे एका मापात बसवले गेले. स्लायगोचे आणखी तिसरे. केरीतही होते. आणि या सगळ्यांमधून निघून लिव्हरपूल, ग्लासगो, बॉस्टन, सिडनी इथे जाऊन बसलेले तर विचारूच नका. जुनी दफ्तरं बघावीत म्हटलं तर डब्लिनच्या दफ्तरखान्याला एकोणीसशे बावीस साली आग लागलेली. त्या आगीचा जयप्रकाशला असा राग आला होता की ती कुणीतरी मुद्दाम ज्ञानदाच्या लग्नात खो घालायला लावली असावी.

आणि प्रत्येक टाचणीबरोबर तारीख पुढे गेली. डच राणीने मुलाला गादी दिली ते वर्ष, दोन हजार तेरा. मे महिना ठरला होता, तर एप्रिलमध्ये रॉसकॉमन निघालं. मग जुलै म्हटलं, तर स्लायगोच्या कुणा ब्रेननने कळवलं की आमचे एक चुलते इंग्लंडला गेले होते खरे. त्या चुलत्याची शहानिशा होईपर्यंत ऑगस्ट संपला. चुलता निघाला मँचेस्टरचा आणि तोही ब्रह्मचारी. पुण्याहून छापून आलेल्या पत्रिका कपाटात पडून होत्या, तारखेची जागा कोरी ठेवून.

नंदाच्या डोक्यावर मिरे वाटणं चाललं होतं. "अहो, तुम्हाला लग्न करायचंय की इतिहास लिहायचाय?" ती एकदा ओरडलीच. "रायस्वाइकमध्ये गणपती आहे घरात. त्याच्यापुढे ठेवा पत्रिका. तो चालवून घेईल."

जयप्रकाश टाचणीचा डबा हातात घेऊन उभा होता. तो चिडला नाही. म्हणाला, "नंदा, आपण तिला वालावलची राहू दिली नाही. आणि इथले लोक तिला इथली होऊ देत नाहीत. निदान सासरचं तरी एक गाव असू दे तिला. कोणी विचारलं तर सांगता येईल."

नंदाला वाईट वाटलं, त्याच्यासाठीही आणि मुलीसाठीही. पण वाईट वाटलं म्हणून राग गेला असं नाही. उलट रागावण्याची सोय गेली म्हणून तो आणखी वाढला. शिवाय ज्ञानदाला हे गाव हवंय का, हे त्याने तिला एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

मार्टिन त्या काळात एकदा येऊन गेला होता. जाडजूड, गमत्या माणूस, पण दोन जिने चढला की खुर्ची शोधायचा. हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशन लांबवता येण्यासारखं नव्हतं, आणि डॉक्टर त्याबद्दल हातचं राखून बोलत होते. "मला त्याआधी लग्न बघायचंय," तो नंदाला स्वयंपाकघरात म्हणाला, भांडी पुसता पुसता, सहज, चहात साखर किती ते सांगावं तसं. बाहेर येऊन त्याने जयप्रकाशलाही तेच सांगितलं. जयप्रकाश म्हणाला, "येस, येस, ऑफ कोर्स. पण मला सांगा, तुमचे वडील इंग्लंडला आले तेव्हा कुठल्या बोटीने आले?"

सप्टेंबरात ज्ञानदा एका दुपारी पाळणाघराच्या दारात येऊन उभी राहिली. नंदा जेवणाच्या सुट्टीत होती. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

"आई, आम्ही गेमेन्टेत डेट घेतली," ती म्हणाली. नगरपालिकेत, एका मंगळवारी सकाळी, दहा मिनिटांचं साधं लग्न. मार्टिनचं ऑपरेशन त्याच्या पुढच्याच आठवड्यात होतं आणि तो त्याआधी येऊन जाणार होता. "मी बाबाला तीनदा विचारलं. आता विचारणार नाही. तू सांग त्याला. त्याने यावं, मला हवाय तो. पण डेट बदलणार नाही, एवढं क्लिअर सांग."

"सांगते."

"नक्की?"

"अगं, सांगते म्हटलं ना."

सोपं काम होतं. पण नंदा ज्या संध्याकाळी सांगायला गेली, त्याच संध्याकाळी जयप्रकाश फोन ठेवून उड्या मारत आत आला. मार्टिनला काहीतरी आठवलं होतं. वडील कारखान्यात लागायच्या आधी कोळशाच्या खाणीत होते, खोकायचे फार. "कोळसा, नंदा! कळतंय का तुला? कोळसा म्हणजे किलकेनी. कॅसलकोमर. सगळे खाणवाले ब्रेनन तिथलेच." त्याने रजा टाकली होती, तिकीट काढलं होतं. सोमवारी जायचं, बुधवारी परत.

"मंगळवारी इथे थांबायला हवं तुम्हाला," नंदा म्हणाली.

"का?"

आता सांगायचं, असं तिने ठरवलं, आणि तोंड उघडायच्या आत तो पुढे बोलून गेला. "आणि तो मार्टिन बघ. स्वतःच्या बापाचं गाव माहीत नाही आणि लाज म्हणून नाही. मी परका माणूस त्याच्यासाठी वणवण करतोय, आणि तो आपला विनोद करतोय. अशी कशी माणसं असतात?"

मार्टिनचा भांडी पुसतानाचा चेहरा नंदापुढे आला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला आठवड्यांचा भरवसा नाही, तो माणूस याला लाज नसलेला दिसतो. आणि याला काही दिसतच नाही, टाचण्यांखेरीज. वर्षभर सांगितलं, समजावलं, ओरडून झालं. आता एवढं सांगायचं, मग हा म्हणणार, फक्त एक आठवडा, आता सापडतच आलंय, मी बोलतो गेमेन्टेशी. मग ज्ञानदा त्याच्याशी पुन्हा बोलणार नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "जा तुम्ही."

अजून दिवस होते. उद्या सांगू म्हणत ते तिने घालवले. रविवारी दुपारी तिने त्याची बॅग भरली. स्वेटर, पावसाचं जाकीट, बेसनाचे लाडू, एक पत्रिका, अक्षतांची पुडी. हेगच्या सुरिनामी दुकानातून आणलेला नारळ तिने टॉवेलमध्ये गुंडाळून नीट मध्ये ठेवला. जयप्रकाश इतका खूश होता की त्याने तिला दोनदा चहा करून दिला. तो चहा तिने संपवला आणि कप विसळून ठेवला.

संध्याकाळी ज्ञानदाचा फोन आला. "काय म्हणाला तो?"

"तो आयर्लंडला जातोय उद्या," नंदा म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. ज्ञानदा म्हणाली, "फाइन," आणि फोन ठेवला.

मंगळवारी आभाळ भरलेलं होतं. ज्ञानदा नंदाची हिरवी इरकल नेसली होती, वर कोट. मार्टिनने निळा सूट घातला होता आणि तो दारापासून खुर्चीपर्यंत कीरनच्या दंडाला धरून आला. साक्षीदार दोघंच, तो आणि नंदा. खुर्च्या मात्र बऱ्याच मांडलेल्या होत्या. लग्न लावणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, आणखी कुणी येणार आहे का, आपण दोन मिनिटं थांबू शकतो.

"नेय," ज्ञानदा म्हणाली. दाराकडे पाहून म्हणाली.

त्या क्षणी उठून सांगावं असं नंदाला वाटलं. पण काय सांगणार, आणि आता सांगून काय होणार? बाईंनी वाचायला सुरुवात केली होती. कीरन 'या', म्हणजे हो, म्हणाला, ज्ञानदा 'या' म्हणाली. मार्टिन मोठ्याने रडला आणि मग रडतो म्हणून स्वतःला हसला. नंदाने खिशातल्या अक्षता दोघांच्या डोक्यावर टाकल्या. मंगलाष्टकांची एक ओळही तिला आठवेना.

बाहेर पायऱ्यांवर फोटो चालू झाले, आणि तिचा फोन वाजला. जयप्रकाश. ती पायऱ्या उतरून भिंतीच्या आडोशाला गेली.

"नंदा, ऐक, हसू नकोस." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "मी इथे दफनभूमीत आहे. सगळे ब्रेनन. या दगडावर ब्रेनन, त्या दगडावर ब्रेनन, ओळीच्या ओळी. मला वाटलं, पोचलो. एक बाई कुत्रं फिरवत होती, तिला सांगितलं सगळं, कोळशाचं. ती म्हणाली, कोळसा होय, तो रॉसकॉमनलाही होता. तिकडेही खाणी होत्या." तो खदखदून हसला. इतक्या महिन्यांत नंदाने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. "आधी तर मला रडू आलं. मग म्हटलं, मी मूर्ख आहे. कुठलेही असोत. पोरगा चांगला आहे ना? एका दगडावरचं नाव पार पुसून गेलंय, तिथे ठेवली पत्रिका. नारळ ठेवला. म्हटलं, तुम्ही सगळे मिळून एक समजा."

"अहो—"

"थांब, बोलू दे मला. ज्ञानदाला सांग, आता ती म्हणेल ती तारीख. उद्या म्हणाली तर उद्या. मार्टिनचं ऑपरेशन आहे ना, त्याआधीच करू. त्याची माफी मागायचीय मला. मी उद्या येतो, आल्या आल्या आपण बसू आणि..."

"लग्न झालं," नंदा म्हणाली. "आत्ताच. गेमेन्टेत."

"मार्टिन होता?" जयप्रकाशने विचारलं.

"होता."

"बरं झालं. आपल्याकडून कोण होतं?"

"मी."

"एकटीच?"

"हो."

"मला सांगितलं का नाही तिने?"

"तिने सांगितलं होतं. माझ्याकडे निरोप दिला होता, तुम्हाला सांग म्हणून. तुम्ही यावं असं तिला वाटत होतं. मी सांगितलं नाही." नंदाला वाटलं, आता ओरडेल. ओरडावं, असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं, वर्षभराचं सगळं बाहेर काढता आलं असतं.

तो ओरडला नाही. "म्हणजे तिला वाटतंय की मला माहीत होतं," तो सावकाश म्हणाला. "माहीत असून मी इकडे आलो."

"हो."

फोन बंद झाला. त्याने ठेवला की रेंज गेली, ते तिला कळलं नाही. पायऱ्यांवर ज्ञानदा मार्टिनच्या खांद्यावर डोकं टेकून फोटोला उभी होती आणि कीरन कॅमेरा हातात घेऊन मागे सरकत होता. नंदाला वाटलं, फोटो होऊ दे, मग सांगू. मार्टिनला गाडीत बसवून सांगू. जेवण झालं की सांगू, आजच्या दिवस पोरीला सुखाने जेवू दे. तारखा पुढे ढकलतो म्हणून तिने वर्षभर ज्याला धारेवर धरलं होतं, तो आता दूर कुठेतरी परक्यांच्या थडग्यांमध्ये उभा होता.

"काय म्हणाला बाबा?" ज्ञानदाने वरूनच विचारलं. आवाज कोरडा होता. "सापडलं का गाव?"

नंदा पायऱ्या चढून तिच्यापाशी गेली. कीरनने कॅमेरा खाली घेतला.

"ज्ञानदा," ती म्हणाली, "बाबाला माहीत नव्हतं."